पोर्टलॉची छपरं जाण्याआधी: वॉटरफर्डच्या लोकप्रतिनिधींना खुलं पत्र

प्रति,
वॉटरफर्ड शहर व काउंटी कौन्सिलचे सर्व ३२ सदस्य
आणि आयर्लंडच्या या काउंटीतून (जिल्ह्यातून) डब्लिनच्या संसदेत निवडून गेलेले लोकप्रतिनिधी

माननीय सदस्यहो,

पोर्टलॉ गावात आमच्या रस्त्यावरच्या आणखी एका घराचं जुनं कमानदार छप्पर या वसंतात उतरवलं गेलं. डांबरानं काळ्या झालेल्या फळ्या आणि बोटाएवढ्या पातळ लाकडाच्या वाकवलेल्या कैच्या, म्हणजे छपराला तोलणारे सांगाडे, राडारोड्याच्या डब्यात पडल्या आणि ट्रकनं उचलून नेल्या. त्या जागी आता टोकदार, तयार कैच्यांचं छप्पर आलं आहे. ते कुठल्याही नव्या वसाहतीतल्या घरावर दिसतं तसंच आहे. घरमालकाला मी बोल लावत नाही. छप्पर गळत होतं, घरात तान्हं मूल होतं आणि जुनं छप्पर नीट दुरुस्त करून देणारा माणूस त्याला काउंटीभर शोधून सापडला नाही. मला बोलायचं आहे ते त्याला एकटं पाडणाऱ्या व्यवस्थेबद्दल. ती बदलण्याची ताकद आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

मी मूळची इचलकरंजीची. मागांच्या खडखडाटात वाढले, वडील सूतगिरणीत होते. नवरा आणि मी नोकरीसाठी आयर्लंडला आलो. मी वॉटरफर्ड शहरातल्या एका औषध कंपनीत काम करते. पोर्टलॉमध्ये गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या जुन्या घरांपैकी एक आम्ही कर्ज काढून घेतलं, मुलं इथल्याच शाळेत जातात. ही घरं टिकली काय, गेली काय, हा माझ्यासाठी फावल्या वेळचा विषय नाही. त्याच छपराखाली आम्ही झोपतो.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कचेरीत दिली आहे. मराठीत ते जाहीर करते आहे, कारण वॉटरफर्ड, ट्रमोर, डंगार्व्हन इथं आता आपली पुष्कळ माणसं आहेत. इस्पितळात, औषधांच्या कारखान्यांत, विद्यापीठात ती काम करतात, आणि जुन्या घरांत भाड्यानं राहतात. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, इथं राहत असणं पुरतं. म्हणजे हे कौन्सिल आमचंही आहे. त्याच्याशी बोलायचं असेल तर आधी आमच्या माणसांना विषय कळायला हवा.

पोर्टलॉ काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण वाचणाऱ्या बहुतेकांनी नाव ऐकलेलं नसेल. डेव्हिड माल्कमसन या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यानं १८२५ मध्ये क्लोडिया नदीच्या काठी इथं सुती कापडाची गिरणी उभी केली आणि कामगारांसाठी गाव वसवलं. मधोमध चौक, आणि चौकातून पंख्यासारखे फाकत गेलेले सरळ रुंद रस्ते. बाकी आयर्लंडमध्ये मजूर मातीच्या एकखणी झोपडीत राहत होता त्या काळात इथल्या कामगाराला दगडी भिंतीचं, खिडक्यांचं, मागं परसू असलेलं घर मिळत होतं. गिरणीचं स्वतःचं पुठ्ठ्याचं चलनसुद्धा होतं आणि आसपासचे दुकानदार ते घेत. घराण्यानं वॉटरफर्डच्या बंदरात नेपच्यून आयर्नवर्क्स हा जहाजांचा कारखाना काढला, तिथं बांधलेल्या आगबोटी दूरदूर गेल्या. इंग्लंडमधलं सॉल्टेअर हे असंच गिरणी कामगारांचं गाव, ज्याला २००१ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, ते पोर्टलॉच्या गिरणीनंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी वसायला लागलं. तिथं आज जगभरचे लोक मुद्दाम जातात. पोर्टलॉवरून लोक गाडीनं निघून जातात, आणि आपण कशावरून गेलो हे त्यांना कळतही नाही.

आणि ते छप्पर. आमच्या घराच्या माळ्यावर शिडी लावून चढलं की ते आतून दिसतं. जाड तुळई एकही नाही. पातळ पट्ट्या वाकवून, एकीवर एक ठोकून जाळीसारख्या कैच्या केल्या आहेत, आणि त्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अलगद कमान धरतात. कैच्यांवर फळ्या, फळ्यांवर सुती कापड ताणून बसवलेलं आणि कापडावर गरम डांबराचे हात. कापड गिरणीचं, लाकूड स्वस्तातलं, वजन नाममात्र. स्लेटच्या फरश्यांचं ओझं नाही म्हणून भिंतीही फार जाड लागल्या नाहीत. आमच्या छपराच्या एका कोपऱ्यात डांबराखाली कापडाची वीण अजून ओळखू येते, उभा धागा आणि आडवा धागा. मागावर वाढलेल्या माणसाचा हात तिथं आपोआप थांबतो. हे छप्पर ‘पोर्टलॉ छप्पर’ म्हणूनच वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. गावाचं नाव बांधकामाच्या एका रीतीला मिळावं हा मान किती गावांना मिळतो?

मराठी वाचकांसाठी इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पोर्टलॉचा आणि मुंबईचा धागा खरोखर एकच आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येणारा कापूस अडला. युरोपातल्या गिरण्यांना कापूस मिळेना, भाव कडाडले, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी अमाप पैसा केला. प्रेमचंद रायचंद यांनी त्याच तेजीच्या काळात मुंबई विद्यापीठाला देणगी दिली. तिच्यातून फोर्टमधला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. त्याच कापसाच्या टंचाईनं पोर्टलॉ मोडलं. माल्कमसनांची येणी अमेरिकेच्या दक्षिणेत अडकली, १८६६ मध्ये लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली तेव्हा त्यांना दुसरा तडाखा बसला, आणि १८७७ मध्ये घराण्याचं दिवाळं निघालं. ज्या युद्धानं आमच्या फोर्टातले मनोरे उभे केले त्यानंच इथल्या धुराड्यांचा धूर बंद केला. मुंबईच्या त्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. पोर्टलॉला तशा पाटीची गरज नाही. त्याला छपरं दुरुस्त करणारे सुतार हवे आहेत.

गावात शिरताना गिरणीच्या फाटकाजवळ मेफिल्ड आहे. माल्कमसनांचं राहतं घर. मूळ घर अठराव्या शतकातलं, पुढं वाढवत नेलेलं, आणि १८५७ मध्ये जॉन स्किप्टन मल्व्हनी या वास्तुविशारदानं त्याला इटालियन ढंगाचा मनोरा दिला. हा तोच मल्व्हनी ज्यानं डब्लिनचं ब्रॉडस्टोन रेल्वे स्थानक बांधलं. विसाव्या शतकात, १९३० च्या दशकात, गिरणीच्या जागेवर चामड्याचा कारखाना आला आणि मेफिल्ड त्याची कचेरी झालं. म्हणजे तोवर दारं-खिडक्या लागत होत्या, पन्हाळी साफ होत होत्या, चुलीत विस्तव होता. १९८५ मध्ये कारखाना बंद पडला. त्यानंतर छप्पर गेलं, मजले गेले, आणि आज मनोऱ्याच्या खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसतं. एवढ्या वर्षांत या घरावर आगीनं किंवा बाँबनं घाला घातलेला नाही. ज्या पावसाला एक पन्हाळ पुरेशी होती त्यानं ते खाल्लं.

आपण काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. वॉटरफर्ड शहरात आपण जे केलं ते मी पाहुण्यांना आवर्जून दाखवते. रेजिनाल्ड्स टॉवरपासून कॅथेड्रल चौकापर्यंतचा भाग आज ज्या रूपात आहे त्याचं श्रेय कौन्सिलला आहे. रिचर्ड कॅसलनं १७४३ मध्ये बांधायला घेतलेला बिशपचा वाडा आज संग्रहालय आहे. जॉन रॉबर्ट्स या एकाच स्थानिक वास्तुविशारदानं प्रॉटेस्टंटांसाठी क्राइस्ट चर्च आणि वीस वर्षांनी कॅथॉलिकांसाठी होली ट्रिनिटी अशी दोन्ही कॅथेड्रलं बांधली. त्या काळी या दोन समाजांत काय अंतर होतं ते पाहता ही साधी गोष्ट नाही. त्याच रॉबर्ट्सचा पणतू कानपूरला जन्मला, हिंदुस्थानचा सरसेनापती झाला आणि त्याच्या सरदारकीच्या बिरुदात कंदाहारबरोबर वॉटरफर्डचंही नाव होतं. रिकाम्या घरांना कर्ज देऊन भाड्यानं लावण्याच्या सरकारी योजनेत सबंध देशात वॉटरफर्ड पुढं आहे, हेही मला ठाऊक आहे. म्हणूनच माझी तक्रार अधिक जोरात आहे. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे काय मागायचं? आपल्याला जमतं हे आपण दाखवून दिलं आहे.

काउंटीतही उदाहरणं आहेत. किलमॅकथॉमसचं वर्कहाउस, दुष्काळानंतरच्या १८५० च्या दशकातलं, भुकेल्यांना कोंडणारं घर. त्याच्या दगडी इमारतींत आज छोटे व्यवसाय आहेत आणि ग्रीनवेवरून सायकल चालवत येणारे तिथं कॉफीला थांबतात. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरचा ४६ किलोमीटरचा तो ग्रीनवे २०१७ मध्ये झाला नसता तर त्या इमारतींचं काय झालं असतं ते मेफिल्डकडे पाहून कळतं.

आणि ड्रोमानाचं फाटक. कॅपोक्विनहून व्हिलियर्सटाउनला जाताना फिनिस्क नदीच्या पुलावर अचानक कांद्यासारखा घुमट आणि मिनारासारखे सुळके दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही गाडी बाजूला घेऊन उतरलोच. हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट १८२६ मध्ये लग्न करून परतला तेव्हा कुळांनी त्याच्या स्वागताला कागदाच्या लगद्याची अशी कमान उभारली होती, असं सांगतात. जोडप्याला ती इतकी आवडली की पुढं पक्की बांधून घेतली. मार्टिन डे याचा १८४९ चा आराखडा उपलब्ध आहे. आपल्याकडच्या वास्तूंची छाया इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यावर पडली आणि ब्रायटनची वॉटरफर्डच्या एका नदीवर. हे फाटक मोडकळीला आलं होतं. आयरिश जॉर्जियन सोसायटीनं १९६० च्या दशकात ते दुरुस्त केलं, पुढं १९९० मध्ये पुन्हा काम झालं. १९६० च्या त्याच दशकात त्या फाटकापलीकडच्या ड्रोमाना हाउसचा मोठा भाग पाडला गेला. एका बाजूला लोक जमले आणि फाटक राहिलं, दुसऱ्या बाजूला कोणी आलं नाही आणि घर निम्मं झालं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव चढतं आणि काम तिथं थांबतं. २००० च्या नियोजन कायद्यानं संरक्षित वास्तूच्या मालकावर ती ढासळू न देण्याची जबाबदारी टाकली. मालक हलत नसेल तर कौन्सिल त्याला नोटीस देऊ शकतं, स्वतः काम करून खर्च वसूल करू शकतं, आणि शेवटचा उपाय म्हणून वास्तू सक्तीनं संपादनही करू शकतं. त्या कायद्याची जागा घेत असलेल्या २०२४ च्या कायद्यातही वास्तुवारशाचं स्वतंत्र प्रकरण आहे. अधिकार कमी नाहीत. मालकानं खिडकी बदलली, तर त्याला परवानगी विचारली जाते, आणि विचारावीच. पण मालकानं काहीच केलं नाही, नुसती पन्हाळ तुंबू दिली, तर इमारत त्या खिडकीपेक्षा कितीतरी वेगानं जाते, आणि तेव्हा त्याला विचारायला कोणी येत नाही. करण्यावर पहारा आणि न करण्याला मोकळीक, अशानं कुठलीही इमारत वाचणार नाही.

दुसरी तक्रार पैशाच्या रचनेची. दोन वर्षं रिकामं पडलेलं घर राहतं करणाऱ्याला सरकार ५०,००० युरोपर्यंत अनुदान देतं, मोडकळीला आलेलं असेल तर ७०,००० पर्यंत. चांगली योजना आहे, आमच्या रस्त्यावर तिचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. पण जी म्हातारी त्याच रस्त्यावर तिथंच राहून दरवर्षी जमेल तसं घर सांभाळते, तिच्यासाठी त्यात काही नाही. तिची पन्हाळ आणि दोन खिडक्या वेळेवर झाल्या, तर ते घर कधी रिकामं पडणारच नाही. मोठ्या वाड्यांना करसवलत आहे, पण त्यासाठी घर वर्षातून निदान ६० दिवस लोकांना पाहायला खुलं ठेवावं लागतं. कराघमोरसारख्या वाड्याला ते शोभतं. दोन खोल्यांच्या कामगाराच्या घरात पाहुण्यांची रांग कुठं उभी करायची? मधल्या माणसासाठी वारसा इमारतींचं वार्षिक अनुदान आहे खरं, पण त्यात अर्ज, मंजुरी, काम आणि बिल हे सगळं एकाच वर्षात बसवावं लागतं. चुन्याचं काम थंडीत करता येत नाही, गोठणाऱ्या रात्रीत चुना मरतो. मंजुरी येऊन कारागीर मोकळा होईपर्यंत कामाचा हंगाम निम्मा सरलेला असतो. ज्याला हे वर्ष हुकलं, तो पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत.

तिसरी, हातांची. आमचं घर आमच्या आधी ज्यांच्याकडे होतं त्यांनी एका गवंड्याकडून आतल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. दगड आणि चुन्याची भिंत पाणी पिते आणि सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बांधलं. खिडकीखाली रंगाला फोड आले, फोड फोडला की पिठासारखा लोणा हाताला लागायचा, आणि थोरल्या मुलाला हिवाळाभर खोकला. आम्ही सिमेंट खरवडून काढलं, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली आणि चुन्याचा गिलावा करवून घेतला. ओल गेली. पण चुन्याचं काम येणारा गवंडी आम्हाला दुसऱ्या काउंटीतून आणावा लागला, आणि तो येईपर्यंत बराच काळ वाट पाहावी लागली. जुनं छप्पर पाहायला आलेल्या एका ठेकेदारानं माळ्यावर चढायच्या आधीच सांगितलं, सगळं उतरवा. त्याला दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं. ज्या गावानं छपराची एक रीत शोधली, त्या गावात ती रीत जाणणारा माणूस नाही. ही लाज माझ्या शेजाऱ्याची नाही, आपल्या सगळ्यांची आहे.

चौथी तक्रार ऊर्जाबचतीची. २०३० पर्यंत देशातली पाच लाख घरं ऊर्जाबचतीच्या मोजपट्टीवर ‘बी-टू’ दर्जाची करायची आहेत. थंडी आम्हालाही वाजते, बिलं आम्हीही भरतो, त्यामुळं या उद्देशाशी माझं भांडण नाही. पण नव्या पोकळ भिंतीला जे चालतं तेच दगडी भिंतीला गुंडाळलं तर आतला ओलावा आतच कोंडतो. जुन्या घरांसाठी वेगळी मार्गदर्शक पुस्तिका सरकारनं काढली आहे. ती दारावर येणाऱ्या सर्वेक्षकाच्या हातात दिसायला हवी. आधी छप्पर, पन्हाळ, खिडक्यांच्या फटी, माळ्यावरचं उबदार अस्तर, आणि मग भिंत, हा क्रम घरमालकाला कोणीतरी समजावून सांगायला हवा.

डन्मोर ईस्टच्या शाकारलेल्या घरांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो प्रश्न आपल्या एकट्याच्या हातातला नाही. त्यांच्या मालकांना विमा मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. विमा नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. पर्यटनाच्या प्रत्येक पत्रकावर ज्या घरांचं चित्र छापलं जातं, त्यांच्या मालकांना हा पेच एकट्यानं सोडवायला लावणं न्याय्य नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मेफिल्डची पाहणी संवर्धनातल्या जाणकार अभियंत्याकडून या वर्षात करून घ्यावी आणि तिचा अहवाल गावाच्या ग्रंथालयात सर्वांना वाचायला ठेवावा. नोटीस दिली गेली असेल तर तिची तारीख आणि तिचं पुढं काय झालं, हे त्याच अहवालात असावं. पुढच्या हिवाळ्याआधी भिंतींची डोकी झाकून, मनोऱ्याला आधार देऊन निदान पडझड थांबवावी. कोणी राजवाडा परत बांधून मागत नाही. जे उभं आहे ते उभं राहू द्यावं, म्हणजे पुढं त्याचं काय करायचं हे ठरवायला काहीतरी उरेल. मालकाकडून काम होत नसेल तर कायद्यानं दिलेला अधिकार वापरावा, संपादनापर्यंत.

पोर्टलॉमध्ये मूळ कमानदार छपरं किती उरली आहेत, याची घरोघर मोजदाद व्हावी. फोटो, मापं, कैचीचा आराखडा, डांबराखालचं कापड, सगळं नोंदवावं. आमच्या घरापासून सुरुवात करा, माळ्याची शिडी आमच्याकडे आहे. मोजदाद पुरी होईपर्यंत यातलं एकही छप्पर उतरवण्याआधी संवर्धन अधिकाऱ्यानं येऊन ते पाहावं, आणि मालकाला ‘नाही’ म्हणायचं असेल तर त्याच भेटीत दुरुस्तीचा मार्ग आणि पैसा कुठून येईल तेही सांगावं.

राहत्या जुन्या घरांसाठी कौन्सिलनं स्वतःचा छोटा दुरुस्ती निधी सुरू करावा. पन्हाळ, स्लेट, खिडकी, दगडांमधल्या फटी भरणं, एवढ्यापुरता. अर्ज एका पानाचा. रक्कम छोटी चालेल, पण ती वेळेवर हवी.

वॉटरफर्ड आणि वेक्सफर्डच्या शिक्षण व प्रशिक्षण मंडळाबरोबर बसून चुन्याचं काम, सरकत्या लाकडी खिडक्या आणि पोर्टलॉ छप्पर यांचा अभ्यासक्रम सुरू करावा. शिकायला साधन हवं असेल तर गावात गळकी छपरं हवी तितकी आहेत. मुलांना कामाचा हात येईल आणि आमची घरं कोरडी होतील.

डब्लिनमधल्या आमच्या प्रतिनिधींकडे दोन मागण्या आहेत. वारसा अनुदान निदान दोन वर्षांच्या मुदतीचं करावं, आणि शाकारलेल्या घरांच्या विम्यासाठी सरकारनं विमा कंपन्यांबरोबर बसून तोडगा काढावा. हा प्रश्न संसदेत याआधीही निघाला आहे. तो पुन्हा काढा आणि उत्तर मिळेपर्यंत सोडू नका.

शेवटी माझ्या मराठी माणसांना. तुम्ही राहता ते घर भाड्याचं असेल, तुम्ही दोन वर्षांत दुसऱ्या शहरात जाणार असाल, तरी जोवर इथं राहता तोवर स्थानिक निवडणुकीच्या मतदार यादीत नाव घाला. पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे, नाव आजच घालता येतं. रस्त्यावर पिवळी किंवा पांढरी नियोजनाची नोटीस लागलेली दिसली तर थांबून वाचा. अर्ज दाखल झाल्यापासून पाच आठवड्यांत, २० युरो भरून, कोणालाही लेखी म्हणणं मांडता येतं. त्याला वकील लागत नाही. घरात ओल असेल तर मालकाला सिमेंट सुचवू नका, चुना म्हणा. आणि ड्रोमानाला जाल तेव्हा परत येताना पोर्टलॉवरून या. चौकात गाडी लावा आणि ब्राउन स्ट्रीटवरून चालत जाताना मान वर करून छपरांकडे पाहा.

माननीय सदस्यहो, या पत्रातल्या मागण्या कौन्सिलच्या येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात आणि प्रत्येकीवर होय किंवा नाही, नाही असेल तर का नाही, असं उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदवावं, ही विनंती. त्या सभेला मी प्रेक्षकांच्या जागेत हजर असेन, आणि माझे शेजारीही असतील.

आपली विश्वासू,
पोर्टलॉमधली एक रहिवासी आणि मतदार